वायफाय कार्ड आहे, पण लिनक्सला दिसत नाही

उत्तरायण

मंडळी, आज तिसरा दिवस. जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. पडदा, आवाज, टचपॅड, एवढंच काय उजेड कमी-जास्त करायची बटणंसुद्धा पहिल्या झटक्यात चालली. वायफाय तेवढं नाही. पासवर्ड चुकतोय, सिग्नल कमी आहे असलं काही नाही. वर कोपऱ्यात वायफायचं चिन्हच येत नाही. सेटिंग्जमध्ये 'वायफाय अडॅप्टर सापडला नाही' एवढं एकच वाक्य. याच लॅपटॉपवर गेल्या आठवड्यापर्यंत विंडोजमध्ये वायफाय मस्त चालत होतं, तेव्हा कार्ड गेलेलं नाही हे नक्की.

लॅपटॉपला लॅन केबलची खाच नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर पॅकेज उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घेऊन इकडे आणायचं, मग ते म्हणणार 'मला आधी अमुक पॅकेज हवं', की पुन्हा तिकडे. परवापासून हेच चालू आहे. नेटवर जे जे सापडलं ते करून पाहिलं, दहा-बारा कमांड तरी मारल्या असतील. प्रत्येक ठिकाणी खाली कोणीतरी 'धन्यवाद, माझं झालं' असं लिहिलेलं होतंच. माझं काही झालं नाही.

लिनक्समध्ये अगदी नवखा आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळमार्गी

यूएसबीचं छोटं डोंगल लावा आणि मोकळे व्हा. तीन दिवस कशाला घालवायचे?

निद्रानाश

@सरळमार्गी, डोंगलला ड्रायव्हर लागत नाही असं कोण म्हणालं? मी तेच केलं होतं. मग माझ्याकडे न चालणारी दोन वायफाय कार्डं झाली. (हलके घ्या.)

खटपट्या

पेन ड्राइव्हच्या फेऱ्या आधी थांबवा. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन लॅन कार्डासारखा दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फोन वायफायला जोडलेला असला तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या ताराच नसतात.

दुसरं, नवीन काहीही टाकू नका. आधी बघायचं, मग हात लावायचा. टर्मिनल उघडून एवढंच करा: 'एलएसपीसीआय', मग स्पेस, मग 'हायफन एनएनके'. (इथे कमांडी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) लांबलचक यादी येईल. तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेला तुकडा शोधा आणि त्याखालच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा द्या. एकही गाळू नका.

उत्तरायण

फोन जोडल्या जोडल्या इंटरनेट सुरू! काखेत कळसा म्हणतात तो हाच. तीन दिवस फोन शेजारीच पडलेला होता.

ओळी अशा आहेत:

०२:००.० नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: इंटेल कॉर्पोरेशन वायरलेस ८२६५ / ८२७५ [८०८६:२४एफडी]
सबसिस्टिम: इंटेल कॉर्पोरेशन (पुढे एक लांब नाव आहे)
कर्नल मॉड्यूल्स: आयडब्ल्यूएलवायफाय

एवढंच. यातलं मला 'इंटेल' सोडून काही कळलं नाही.

खटपट्या

गाळू नका म्हटलं तरी एक लांब नाव गाळलंतच. असो, ते नको होतं.

चौकटी कंसातली जोडी महत्त्वाची. पहिला भाग कंपनीचा क्रमांक, दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल. (अवांतर: १९७८ साली इंटेलने काढलेल्या प्रोसेसरचा क्रमांकही हाच, ८०८६. कंपनीचा ओळखक्रमांक म्हणून त्यांच्याकडे दुसरं काय असणार!) रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. वायफायबद्दल कुठेही काही शोधायचं तर लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधू नका, ही जोडी टाकून शोधा. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघू शकतात.

आता जे दिसतंय त्यापेक्षा जे दिसत नाही ते बघा. 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ आहे, म्हणजे या कार्डासाठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे. त्याच्या वर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असायला हवी होती, ती नाही. नवरदेव मांडवात आलाय, पण बोहल्यावर उभाच नाही.

असं होण्याची दोन कारणं असतात. एक, ड्रायव्हर आला, काहीतरी मागितलं, मिळालं नाही म्हणून परत गेला. दोन, त्याला कोणी आतच येऊ दिलं नाही. पहिल्या प्रकारात तो जाताना कर्नलच्या लॉगमध्ये बोंब मारून जातो. तेव्हा: 'सुडो डीमेसेज', मग उभी रेघ, मग 'ग्रेप आयडब्ल्यूएल'. काय येतं ते सांगा.

उत्तरायण

काहीच येत नाही. कमांड मारली की सरळ पुढची ओळ. दोनदा करून पाहिलं.

जुनीजाणती

रिकामं आलं? मग हे घरातलंच दिसतंय. @खटपट्या, मॉडप्रोब.डी बघायला सांगा त्यांना.

खटपट्या

हो, तेच. ८२६५ च्या कार्डापुढे ड्रायव्हर आला आणि लॉगमध्ये एक ओळही पडली नाही, असं होत नाही. ईटीसीमध्ये 'मॉडप्रोब.डी' नावाचा फोल्डर आहे, कोणता ड्रायव्हर आत घ्यायचा याचे नियम त्यात असतात. त्यात कोणकोणत्या फाइली आहेत, कोणत्या तारखेच्या आहेत आणि त्यांपैकी कशात 'ब्लॅकलिस्ट' (म्हणजे 'याला आत घेऊ नको') हा शब्द आहे, ते सांगा.

आणि हो, टर्मिनलमध्ये नुसतं 'हिस्टरी' लिहिलंत तर तुम्ही या तीन दिवसांत काय काय उद्योग केलेत ते क्रमाने दिसेल. तेही टाका. लाजू नका.

उत्तरायण

लाजण्यासारखंच आहे.

मॉडप्रोब.डीमध्ये 'वायफाय-फिक्स.कॉन्फ' नावाची फाइल सापडली, परवाच्या संध्याकाळची. आत एकच ओळ: 'ब्लॅकलिस्ट आयडब्ल्यूएलवायफाय'. हिस्टरीत पाहिलं तर सहाव्या नंबरची कमांड. मीच मारलेली. जिथून उचलली ते पान पुन्हा उघडून नीट वाचलं तर ते डोंगलवाल्यांसाठी होतं! 'बाहेरचं डोंगल वापरताना आतलं कार्ड मध्ये येऊ नये म्हणून' ते बंद करायचं, असं वर पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय. मी परिच्छेद सोडून थेट काळ्या चौकटीतल्या ओळी उचलत होतो.

पण एक प्रश्न आहे. ही कमांड सहावी. त्याआधीही वायफाय नव्हतंच. मग पहिलं कारण काय?

निद्रानाश

फाइलचं नाव 'फिक्स' आहे, हे फार आवडलं.

खटपट्या

प्रश्न बरोबर विचारलात. ही फाइल म्हणजे मूळ दुखण्यावर तुम्ही बांधलेली पट्टी, तिच्याखाली मूळ दुखणं तसंच आहे. फाइल उडवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि डीमेसेजवाली कमांड पुन्हा मारा. या वेळी बोंब ऐकू येणार.

हिस्टरीतल्या बाकीच्या सगळ्या निरुपद्रवी आहेत. 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' सात वेळा मारलंय तुम्ही! आरएफकिल फक्त रेडिओ बंद-चालू करतं. ड्रायव्हरच लागलेला नसेल तर ते कोणाला चालू करणार? सातव्या वेळी चालेल असं का वाटलं असेल, हे मात्र मला कळतं. मीही केलंय.

उत्तरायण

आली बोंब! लाल अक्षरांत:

'फर्मवेअर: फेल्ड टू लोड आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड (-२)'

मग ३५, ३४ असं उतरत्या क्रमाने बरंच काही, आणि शेवटी 'नो सूटेबल फर्मवेअर फाउंड!'

ड्रायव्हर आहे म्हणालात ना? मग हे फर्मवेअर काय वेगळं?

जुनीजाणती

हे मी सांगते, या भानगडीत माझी बरीच वर्षं गेली आहेत.

वायफाय कार्ड म्हणजे एक छोटा संगणकच असतो. त्याचा स्वतःचा बारका प्रोसेसर, स्वतःची मेमरी. ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर त्या कार्डाच्या आतल्या प्रोसेसरवर. तुमच्या कार्डात फर्मवेअर कायमचं कोरलेलं नसतं. दर वेळी लॅपटॉप चालू झाला की ड्रायव्हर 'लिब/फर्मवेअर' या फोल्डरमधून ती फाइल उचलतो आणि कार्डाच्या मेमरीत ओततो. ती मिळाली नाही तर कार्ड म्हणजे नुसता हिरवा तुकडा. विंडोजमध्ये ती ड्रायव्हरच्या गठ्ठ्यातूनच येते, म्हणून कधी जाणवत नाही. तुमच्या लॉगमधलं '-२' म्हणजे 'अशी फाइलच नाही'. ३६ नाही तर ३५ आहे का, ३४ आहे का, असं बिचारा ड्रायव्हर दारोदार विचारत गेला.

आता फाइल का नाही? ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला आहे, तो कर्नलचाच भाग आहे. फर्मवेअर मात्र बंद. इंटेल ते फुकट वाटायला परवानगी देतं, पण सोर्स देत नाही. डेबियनचा बाणा असा की मुख्य भागात फक्त मुक्त सॉफ्टवेअर, बाकीचं 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या कप्प्यात. त्यामुळे डेबियन ११ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये या फाइली नसायच्या. वायफायचं फर्मवेअर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं! यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद झाले. शेवटी २०२२ मध्ये मतदान होऊन ठरलं की फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, त्यात ते आहे, 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नावाच्या नव्या कप्प्यात.

इन्स्टॉल करताना तुम्हाला एक पाटी आली असणार की काही फर्मवेअर फाइली हव्यात, दुसऱ्या डिस्कवरून द्यायच्या का? आठवतंय?

उत्तरायण

आठवतंय. मी 'नाही' दाबून पुढे गेलो. फाइलचं नाव इतकं विचित्र होतं की मला वाटलं हे माझ्यासाठी नसेल.

जुनीजाणती

सगळेच 'नाही' दाबतात. आमच्या वेळी तर तेवढीही सोय नव्हती. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी लोकांनी चिप कशी वागते ते बाहेरून न्याहाळून न्याहाळून 'बी४३' ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र कंपनीच्याच बंद ड्रायव्हरमधून कापून काढायचं. त्यासाठीच्या प्रोग्रामचं नावच मुळी 'एफडब्ल्यूकटर'. तेही नाही जमलं तर 'एनडीआयएसरॅपर', म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या आत नाचवायचा. दिवसभर बरा नाचायचा आणि लॅपटॉप झोपेतून उठला की सगळंच गोठायचं. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने त्यांच्या तेव्हाच्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, तेव्हा आम्ही जवळपास दिवाळी साजरी केली होती. तरी त्यांच्या कितीतरी चिपांना अजूनही 'डब्ल्यूएल' नावाचा बंद ड्रायव्हरच लागतो.

खटपट्या

आता उपाय, दोन मिनिटांचा. फोन जोडलेला राहू द्या. ईटीसीतल्या 'एपीटी' फोल्डरमध्ये 'सोर्सेस.लिस्ट' ही फाइल सुडो लावून उघडा. ज्या ओळी 'मेन' या शब्दाने संपतात त्यांच्या शेवटी स्पेस देऊन 'कॉन्ट्रिब नॉन-फ्री' जोडा. मग 'सुडो एपीटी अपडेट', आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय'. रीस्टार्ट.

डेबियन १२ वाल्यांनी इथे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लिहायचं. ११ वरून १२ वर अपग्रेड करणारे नेमकं हेच विसरतात आणि मग त्यांना फर्मवेअरची सुधारित आवृत्ती कधी मिळतच नाही.

पामर

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. माझं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, बाहेरून डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर कर्नलसाठी बनवून देणारा प्रोग्राम) बसवलाय. 'डीकेएमएस स्टेटस' म्हणतं 'इन्स्टॉल्ड'. पण मॉडप्रोब केलं (म्हणजे ड्रायव्हर आत घ्यायला सांगितलं) की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. कसली की? मी कुठली कीच दिली नाही.

खटपट्या

@पामर, दिली नाहीत म्हणूनच. तुमच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे. त्यात कर्नल फक्त सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो. डिस्ट्रोने (म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराने) दिलेल्या ड्रायव्हरांवर तिची सही असते, तुम्ही घरी बनवलेल्यावर तुमची सही हवी आणि ती सही लॅपटॉपला माहीत हवी. डीकेएमएस बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता का? आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा आला होता का?

पामर

पासवर्ड मागितला होता. निळं काहीतरी आलं आणि मी वाचेपर्यंत गेलं. वाटलं नेहमीचंच असेल.

खटपट्या

तोच तो. दहा सेकंद थांबतो आणि कोणी काही दाबलं नाही तर निघून जातो, पुन्हा आपणहून येत नाही. 'मॉकयूटिल' या कमांडला 'इम्पोर्ट' हा पर्याय आणि सहीच्या फाइलचा पत्ता देऊन पुन्हा विनंती नोंदवा, नवा पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा आणि या वेळी पडद्यासमोरून हलू नका. कुठलंही बटण दाबायचं, मग 'एनरोल मॉक', मग तोच पासवर्ड. काही जण सरळ सिक्युअर बूट बंद करतात, त्यानेही भागतं. मला ते आवडत नाही, पण लॅपटॉप तुमचा.

आणि कर्नल अपडेट झाल्यावर वायफाय गेलं तर घाबरू नका. डीकेएमएसला नव्या कर्नलच्या हेडर फाइली मिळाल्या नाहीत तर तो नवा ड्रायव्हर बनवू शकत नाही. हेडरचं पॅकेज बसलेलं असू द्या. तोवर बूटच्या यादीतून जुना कर्नल निवडा, त्यात चालेल.

उत्तरायण

फर्मवेअर बसलं! लॉगमध्ये 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन ३६' आलं आणि 'इन यूज'वाली ओळही आली. 'आयपी लिंक' मध्ये 'डब्ल्यूएलपी२एस०' असं नवीन नाव दिसतंय.

पण वायफायचं चिन्ह अजून नाही. 'एनएमसीएलआय डिव्हाइस' केलं तर त्या नावापुढे 'अनमॅनेज्ड'.

खटपट्या

काहीतरी केलंत तुम्ही. काय केलंत?

(नावाचं म्हणाल तर 'डब्ल्यूएल' म्हणजे वायरलेस, 'पी२' म्हणजे पीसीआय बस दोन, 'एस०' म्हणजे स्लॉट शून्य. वर यादीत ०२:००.० आलं होतं ना, तेच.)

उत्तरायण

राहवलं नाही. रीस्टार्ट झाल्यावर नाव दिसलं म्हणून उत्साहात त्याच जुन्या पानावरची नववी पायरी केली, 'आपल्या कार्डाचं नाव इथे लिहा' असं होतं. ईटीसी, नेटवर्क, इंटरफेसेस या फाइलीत हे टाकलं:

ऑटो डब्ल्यूएलपी२एस०
आयफेस डब्ल्यूएलपी२एस० आयनेट डीएचसीपी
डब्ल्यूपीए-एसएसआयडी ×××××
डब्ल्यूपीए-पीएसके ×××××

(संपादित: पासवर्ड खोडला. निद्रानाश यांचे खासगी निरोपाबद्दल आभार.)

निद्रानाश

प्रतिसाद काढून टाकला आहे. ('पासवर्ड काढा' असं इथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. राउटरवरचाही बदलून टाका, तीन जणांनी वाचलाय.)

खटपट्या

डेबियनमध्ये कार्डांची व्यवस्था पाहणारे दोघे आहेत. एक जुना, जो इंटरफेसेस फाइल वाचतो. दुसरा नेटवर्कमॅनेजर, ज्याचं चिन्ह वर कोपऱ्यात दिसतं. नेटवर्कमॅनेजर भिडस्त आहे: त्या फाइलीत ज्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल त्याला तो हात लावत नाही, 'अनमॅनेज्ड' म्हणून बाजूला राहतो. सर्व्हरवर फाइल ठीक. लॅपटॉप आज इथे, उद्या तिथे, त्याला नेटवर्कमॅनेजरच बरा.

या चार ओळी काढा. 'एलओ' असलेल्या दोन ओळी राहू द्या, त्या लूपबॅकच्या, म्हणजे संगणकाने स्वतःशीच बोलायच्या, आहेत. रीस्टार्ट. आणि ते पान ब्राउझरमधून बंद करा, माझ्यादेखत.

उत्तरायण

फोनची केबल काढून हे लिहितोय.

चिन्ह आलं, यादी आली, पासवर्ड (नवा!) टाकला, जोडलं गेलं. झाकण लावून झोपवला, दहा मिनिटांनी उघडला, तरी आपोआप जोडला गेला. खटपट्या, जुनीजाणती, दंडवत घ्या.

सरळमार्गी

अभिनंदन. पण डोंगलने हे पाच मिनिटांत झालं असतं, यावर मी ठाम आहे.

खटपट्या

@सरळमार्गी, कधी कधी झालंही असतं. पण आतलं कार्ड बदलायची वेळ आलीच तर मी डोंगलपेक्षा आतलंच कार्ड बदलीन. फक्त एक बघून घ्यायचं: इंटेलच्या एएक्स२०१, एएक्स२११ सारख्या कार्डांचा अर्धा भाग चिपसेटमध्ये (लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांत) असतो, ती त्याच कंपनीच्या ठरावीक चिपसेटवरच चालतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० पूर्ण कार्डं आहेत. त्यातही एएक्स२०० ला कर्नल किमान ५.१ आणि एएक्स२१० ला ५.१० लागतो. काही लॅपटॉपांचं बायोस (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) ओळखीच्या कार्डांव्यतिरिक्त दुसरं कार्ड दिसलं की सुरूच होत नाही, तेही आधी तपासावं.

आणि ज्यांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलंय त्यांच्यासाठी: विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समध्ये आल्यावर फर्मवेअर असूनही कार्ड सुरू होत नाही.

पामर

निळा पडदा पकडला! चाललं. माझ्याकडूनही दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

उत्तरायण

एक राहिलंच. ब्लूटूथही बंद होतं, हे मी सांगितलंच नव्हतं. म्हटलं एका वेळी एकच संकट. आत्ता पाहतो तर हेडफोन आपोआप जोडलेला. कुठून आलं हे?

जुनीजाणती

त्याच पॅकेजमधून. तुमच्या कार्डावर वायफाय आणि ब्लूटूथ शेजारी शेजारी राहतात, आणि ब्लूटूथलाही त्याचं वेगळं फर्मवेअर लागतं. ते पॅकेजबरोबर आलं.